वाचकांचे प्रश्न: स्टीलची फुल सस्पेन्शन घेतलीय, आधी सॅग लावा मग पार्ट बघा

या वेळी जवळपास सगळी पत्रं स्टील फ्रेमच्या फुल सस्पेन्शन (पुढे-मागे दोन्हीकडे धक्के झेलणाऱ्या) माउंटन बाइकवरच आलीत. त्यातले चार प्रश्न घेतोय. पहिल्यावर जरा जास्त वेळ घालवलाय कारण बाकीच्या अर्ध्या पत्रांचं उत्तर पण त्यातच आहे.

प्रश्न: स्टीलची सिंगल पिव्होट (मागची बाजू एकाच सांध्यावर फिरणारी) बाइक घेतली, सेकंडहँड. मागे १४० मिमी ट्रॅव्हल (चाक जास्तीत जास्त जितकं वर-खाली होतं ते अंतर), हवेवर चालणारा एअर शॉक, पुढे १५० चा फोर्क. माझं वजन ७४ किलो. चार्ट बघून हवा भरली तरी दगडांच्या लांब उतारावर मागची बाजू हळूहळू खाली बसत जाते, आणि हवा वाढवली की नुसतं खडखडतं. मित्र म्हणतात कॉइल शॉक (हवेऐवजी स्प्रिंगचा) टाक. टाकू का?

नका टाकू, निदान आत्ता तरी नाही. तुम्ही जे लिहिलंय ना, "हळूहळू खाली बसत जाते", त्यावरून मला हवेपेक्षा रिबाउंडचाच, म्हणजे दबलेला शॉक परत वर येण्याच्या वेगाचा, संशय जास्त येतोय. रिबाउंड फार स्लो असला की एका दगडावर दबलेला शॉक पूर्ण वर यायच्या आत दुसरा दगड येतो, मग तिसरा, आणि शॉक दर वेळी थोडा थोडा आतच राहतो. शेवटी ट्रॅव्हलच उरत नाही म्हणून कडक लागतं, आपल्याला वाटतं हवा कमी पडली आणि आपण अजून भरतो. सेकंडहँड बाइकवर आधीच्या मालकाचं सेटिंग तसंच राहिलेलं असतं, रिबाउंडचा नॉब कुणी बघतच नाही.

पण रिबाउंडला हात लावायच्या आधी सॅग, म्हणजे नुसत्या तुमच्या वजनाने शॉक जितका दबतो ते, नीट लावून घ्या. ७४ किलो हे घरातल्या काट्यावरचं वजन झालं. बूट, हेल्मेट, पॅड, पाण्यासकट बॅग, सगळं चढवून काट्यावर उभे राहा, चार-पाच किलो सहज वाढतील. आता शॉकमध्ये अर्धीच हवा भरा, पंप काढा आणि सीटवर भार देऊन शॉक सावकाश दहा-बारा वेळा दाबा. हे का, तर एअर शॉकमध्ये हवेचे दोन कप्पे असतात, पॉझिटिव्ह आणि निगेटिव्ह, आणि हवा एका कप्प्यातून दुसऱ्यात जाऊन दाब सारखा व्हायला ते दाबणं लागतं. परत पंप लावला की काटा खाली आलेला दिसेल, तो लीक नाहीये. मग उरलेली हवा भरा, परत दाबा. पंप काढताना फुस्स होतं ती पण पंपाच्या नळीतलीच हवा असते, घाबरून परत परत चेक करू नका, दर वेळी नळी भरायला शॉकमधलीच हवा जाते.

मोजायला दुसरं माणूस हवंच. त्याने हँडल धरायचं, तुम्ही दोन्ही पेडलवर उतारावर राहता तसं उभं राहायचं, दोन-तीनदा हलकं दाबून स्थिर व्हायचं, मग त्याने शॉकच्या दांड्यावरची रबरी रिंग सीलला टेकवायची, आणि तुम्ही अजिबात उडी न मारता खाली उतरायचं. रिंग आणि सीलमधलं अंतर म्हणजे तुमचा सॅग. मागे स्ट्रोकच्या (शॉकचा दांडा पूर्ण दबला की जितका आत जातो त्याच्या) ३० टक्के धरा, स्ट्रोक ५५ मिमी असेल तर साधारण साडेसोळा मिमी. ही पट्टी धरून नीट मोजायची गोष्ट आहे, कारण १४० भागिले ५५ म्हणजे अडीच, शॉकवर एक मिमी चुकलात की चाकावर अडीच मिमी चुकलात. फोर्कला १८ ते २० टक्के धरा, तुमच्या १५० ला २७ ते ३० मिमी.

आता रिबाउंड. नॉब पूर्ण स्लो बाजूला फिरवून तिथपासून क्लिक मोजायला लागा. सीटवर बसून फुटपाथच्या कडेवरून सरळ खाली उतरा. मागची बाजू दबून वर यावी, सॅगच्या जरासं वर जाऊन लगेच बसावी. दोन-तीनदा उचकत राहिली तर फास्ट आहे, जड जड वर आली तर स्लो. मग तोच दगडांचा उतार, एकेक क्लिक फास्ट करत, तीनदा उतरा. एका वेळी एकच बदल आणि वहीत लिहायचं: दाब, सॅग, क्लिक, टायरमधली हवा. मी हे फार कळकळीने सांगतोय, कारण दोन गोष्टी एकदम बदलल्या की सुधारणा कशामुळे झाली ते कधीच कळत नाही.

सॅग आणि रिबाउंड बरोबर असून मोठ्या उडीवर शॉक तळाला आपटत असेल तर एक टोकन (हवेच्या कप्प्यात बसणारा प्लास्टिकचा तुकडा) टाका, म्हणजे हवेच्या कप्प्यातली जागा कमी होऊन शेवटच्या ट्रॅव्हलला शॉक जास्त कडक होतो. सिंगल पिव्होट फ्रेम बहुतेक वेळा बऱ्यापैकी लिनिअर असतात, म्हणजे शेवटाकडे आपोआप कडक होत नाहीत, एअर शॉक तो शेवटचा कडकपणा स्वतः देतो. कॉइलची स्प्रिंग पण लिनिअर, फ्रेम पण लिनिअर, मग आपटण्यापासून वाचवणार कोण? म्हणून कॉइल सगळ्यात शेवटी.

प्रश्न: ग्रुपमध्ये सगळे म्हणतात स्टीलची मागची बाजू लवचिक असते, वळणावर चाक वाकडं जातं. माझी पण जाते असं वाटतं. मागचं चाक अजून कडक बांधून घेऊ का?

स्टील ॲल्युमिनियमच्या जवळजवळ तिप्पट जड आणि जवळजवळ तिप्पट ताठ. म्हणून वजन आवाक्यात ठेवायला ट्यूब बारीक आणि पातळ घेतात, ४१३० क्रोमोली किंवा रेनॉल्ड्स ८५३ सारख्या मजबूत मिश्र स्टीलची, आणि बारीक ट्यूब आडवी थोडी लवते. कॉटिक, स्टारलिंग हे ब्रिटनमधले छोटे उत्पादक ८५३ मध्येच पुढचा त्रिकोण बांधतात आणि त्यांच्या बाइक लोक त्या लवण्यासाठीच आवडीने घेतात. आडव्या उतारावर, मुळांवर, चाक ठोकरून बाजूला फेकलं जाण्याऐवजी जमीन धरून राहतं. मला स्वतःला तर हे स्टील घेण्याचं सगळ्यात मोठं कारण वाटतं, त्यामुळे चाक कडक करून ते घालवू नका.

पण लवणं वेगळं आणि प्ले (सांध्यातला ढिलेपणा) वेगळा. माझ्याच बाइकला दोन महिने वळणावर मागून टक-टक यायचं आणि मी स्टील आहे, लवतंय म्हणून सोडून देत होतो. शेवटी एक दिवस सीट धरून बाइकची मागची बाजू चाक उचलेपर्यंत हळूहळू वर-खाली केली आणि दुसऱ्या हाताचं बोट शॉकच्या खालच्या बोल्टवर असं ठेवलं की अर्धं बोट शॉकवर, अर्धं फ्रेमवर. दोन्हींच्या मध्ये बारीकसा धक्का बोटाला स्पष्ट लागला. बुश (बोल्टभोवतीची कडी) झिजलं होतं. तेच बोट मग मेन पिव्होटवर ठेवा आणि चाक आडवं हलवा, तिथे धक्का लागला तर बेअरिंग गेलंय किंवा एक्सल सैल आहे. कुठेच लागला नाही तर ते लवणंच, बिनधास्त चालवा.

प्रश्न: पुढे २९ इंची, मागे २७.५ इंची चाक टाकलं तर चालेल का? फ्रेम २९ साठीच आहे.

बसेल, पण भूमिती बघा. दोन रिमच्या त्रिज्येत १९ मिमी फरक आहे, म्हणजे टायर सारखेच धरले तर मागचा एक्सल तेवढा खाली येतो. व्हीलबेस १२०० मिमीच्या आसपास असेल तर बॉटम ब्रॅकेट (क्रँक जिथे बसतात तो भाग) साधारण १२ मिमी खाली जातं आणि हेड अँगल (फोर्क जिथे बसतो त्या ट्यूबचा कोन) जवळपास एक डिग्री सपाट होतो. पेडल दगडांना लागायला लागतील. १० मिमी लांब फोर्कने थोडी उंची परत मिळते पण अँगल अजून अर्धा डिग्री सपाट होतो, आणि सीट अँगल पण मागे जातो, चढावर पुढचं चाक भरकटतं. १७५ चे क्रँक असतील तर १६५ चे टाकून बघा, पेडल खालच्या टोकाला १० मिमी वर राहतं. फ्रेमला फ्लिप चिप (उलटा बसवून भूमिती थोडी बदलता येते असा तुकडा) नसेल तर मी तरी हे करणार नाही.

प्रश्न: पावसात, चिखलात चालवतो. आतून गंज लागेल याची भीती वाटते.

भीती रास्त आहे पण उपाय सोपा आहे. पाणी बहुतेक सीट ट्यूबमधून आत शिरतं आणि खाली बॉटम ब्रॅकेटपाशी साचतं. ओल्या राइडनंतर सीटपोस्ट काढा, बाइक उलटी करून रात्रभर ठेवा, ड्रेनची भोकं चिखलाने बुजली असतील तर तारेने मोकळी करा. वर्षातून एकदा सगळं उतरवून ट्यूबच्या आत फ्रेम सेव्हर (गंजरोधक स्प्रे) किंवा पातळ मेणाचा स्प्रे मारा आणि फ्रेम सगळ्या बाजूंनी फिरवा म्हणजे तो सगळीकडे पोचतो. काही जण बॉइल्ड जवस तेल वापरतात, ते पण चालतं, फक्त पुसलेल्या चिंध्या गोळा करून टाकू नका, त्या आपोआप पेट घेऊ शकतात, पाण्यात बुडवा नाहीतर बाहेर पसरून वाळवा.

बाहेरून जिथे केबल फ्रेमला घासते तिथे जाड पारदर्शक टेप लावा. रंग उडाला असेल तर आधी बारीक पॉलिश पेपरने गंज काढून त्याच दिवशी टच अप करा. आणि ड्रॉपर पोस्ट (चालवताना वर-खाली करता येणारी सीटपोस्ट) ॲल्युमिनियमची असते, स्टीलच्या फ्रेममध्ये ती ग्रीसशिवाय वर्षभर राहिली तर अशी धरते की निघताना फ्रेमच खराब होते. दर दोन-तीन महिन्यांनी बाहेर काढा, पुसा, ग्रीस लावा, परत आत.