टेलिकॉमचा अभ्यास नवीन चालू केलाय? मग आधी एवढं कर

भावा, सांगलीत बसून हा विषय धरलास, लय बरं वाटलं. स्पेक्ट्रम (मोबाईलच्या रेडिओ लहरी) लिलावाच्या आकड्यांत आत्ताच घुसू नको, ते सावकाश.

आधी कोण काय करतं ते पक्कं कर. लायसन्स देतो दूरसंचार विभाग, ट्राय (१९९७ ला आलेली नियामक संस्था) दर आणि दर्जा बघते, सरकारला शिफारशी करते, आणि भांडणं मिटवायला २००० पासून टीडीसॅट हे न्यायाधिकरण. नवीन पोरं हमखास इथंच चुकतात, सगळं ट्रायच्या नावावर टाकतात.

मग ही तीन वर्षं:
- १९९४ : नव्या धोरणानं खाजगी कंपन्यांना दार उघडलं
- १९९९ : ठरलेली लायसन्स फी जाऊन कमाईतला वाटा आला. हे नीट समजून घे, त्या फीच्या ओझ्याखाली कंपन्या पार दबलेल्या, ते उतरलं म्हणून मोबाईल स्वस्त व्हायला वाट मिळाली
- २०१२ : सुप्रीम कोर्टानं १२२ लायसन्स रद्द केली

आणि सर्कल (लायसन्ससाठी पाडलेला देशाचा भाग) म्हणजे राज्य असं धरू नको, आपली सांगली 'महाराष्ट्र' सर्कलमधे, गोवा पण त्यातच, मुंबई मात्र वेगळी. जुन्या नोट्समधे फक्त १८८५ चा टेलिग्राफ कायदा असेल तर २०२३ चा नवा कायदा पण जोडून घे. अडलं की बिनधास्त विचार.