विचारा, सांगतो : मालवणात अंधार पडल्यावर काय?

प्रश्न : दिवाळीच्या सुट्टीत चार दिवस मालवणला निघालोय. किल्ला, तारकर्ली, मुलांचं स्कूबा, मासे, एवढं ठरलंय. पण मागच्या खेपेला सात वाजले की सगळे खोलीत मोबाईल घेऊन बसले. सोबत सासूबाई आणि दहा नि चौदा वर्षांची मुलं आहेत. संध्याकाळी बघण्यासारखं काही असतं का?
– एक वाचक, तासगाव

उत्तर : ताई, असतं की! फक्त ते संध्याकाळी नसतं. रात्री उशिरा सुरू होतं नि पहाटे संपतं.

आधी तारखा बदला. अगदी दिवाळीत जाऊ नका, सुट्टी संपता संपता, त्रिपुरी पौर्णिमेच्या सुमारास जा. तिथनं पुढं गावोगावच्या देवळांच्या जत्रा लागतात, आणि जत्रा म्हटली की रात्री दशावतार, म्हणजे देवळात रात्रभर चालणारं लोकनाट्य. (दिवाळी पाडव्याला मालवणात रामेश्वर-नारायणाची पालखी निघते, तीही देखणी. पण दोन्ही एका खेपेत साधायचं नाही.) कुठल्या गावात कुठली दशावतारी नाटक कंपनी, हे चहाच्या टपरीवर विचारा. तिथं ते तोंडपाठ असतं.

मी सांगलीचा, भावे नाट्यमंदिराच्या खुर्च्यांवर वाढलेला. १८४३ साली विष्णुदास भाव्यांनी ‘सीतास्वयंवर’ हे मराठीतलं पहिलं मानलं जाणारं नाटक केलं, ते कर्नाटकातून आलेल्या भागवत मंडळींचे खेळ बघून. हे शाळेपासून ऐकत आलो होतो, पण तो खेळ दिसत कसा असेल, याचा अंदाज नव्हता. पहिल्यांदा दशावतार पाहिला तेव्हा वाटलं, हे त्याचंच चुलत भावंड! पडदा नाही, नेपथ्य नाही. एक लाकडी बाक. राजा बसला की ते सिंहासन. पायपेटी, मृदंग, झांज. लिहिलेली संहिता नाही. कथानक ठरलेलं, संवाद उभ्या उभ्या जुळवायचे, तरी तासन् तास अडखळणं नाही. बायकांची कामंही पुरुषच करतात, आणि नऊवारीचा पदर असा सावरतात की सासूबाईसुद्धा बघत राहतील.

सुरुवातीला गणपती, रिद्धी-सिद्धी, सरस्वती, ब्रह्मदेव येतात. मग काळ्या वेशातला संकासुर वेद पळवतो नि भटजीची यथेच्छ टिंगल करतो. धाकट्याला हे आवडणार. पुढं मुख्य आख्यान, त्यात युद्ध आलंच. आख्यान लागायच्या आत झोपू नका. मी झोपलो होतो. डोळा लागला आणि जाग आली तेव्हा राक्षस मेलेलासुद्धा! देवळामागं गेलो, तर तोच राक्षस मुकुट पायरीवर ठेवून काचेच्या ग्लासातून चहा पीत होता. अर्धा चेहरा खोबरेल तेलानं पुसलेला, अर्धा अजून लाल. मी सांगलीचा म्हटल्यावर म्हणाला, “सांगलीचे काय? मगे तुमका काय नवीन!” काय बोलणार? मी तर अर्धा खेळ झोपेत घालवलेला.

बसायला सतरंजी न्या आणि पांघरायला जाड काहीतरी. समुद्राकाठी थंडी कसली, म्हणून मी नुसत्या सदऱ्यावर गेलो होतो, पहाटेच्या दवानं दात वाजले. सासूबाईंसाठी देवळाच्या भिंतीलगतची जागा लवकर जाऊन धरा. मधल्या वेळेत जत्रेतलं खाजं खा. गुळाचं आणि आल्याचं असतं, घरी नेण्यासाठीही घ्या.

एक दुपार कुडाळजवळच्या पिंगुळीला ठेवा. ठाकर समाजाची चित्रकथी (चित्रं दाखवत गोष्ट सांगायची कला) आणि कळसूत्री बाहुल्या तिथं बघायला मिळतात. परशुराम गंगावणे यांनी गुरांच्या गोठ्यात संग्रहालय थाटलं. त्यांना २०२१ साली पद्मश्री मिळाली. मात्र आधी फोन करून जा. खेळ माणसं बघून लावतात.

परतीला आंबोलीवरून येणार असाल तर सावंतवाडीत थांबा. तिथं राजवाड्यात गंजिफा, म्हणजे हातानं रंगवलेले गोल पत्ते बघा. दशावतारी गंजिफात दहा अवतारांचे दहा रंग, प्रत्येकी बारा पानं, म्हणजे एकूण १२०. रात्री बाकावर बसलेला विष्णू इथं तळहाताएवढ्या गोल पानावर भेटेल. थोरल्याला पत्त्यांचा नाद असेल तर नीट दाखवा. लाकडी खेळणी चितार आळीत.

आणि हो, जत्रेच्या दुसऱ्या दिवशी सकाळचं स्कूबा बुक करू नका.