दुर्बिणीच्या शस्त्रक्रियेचे व्हिडिओ कसे पारखावेत?

प्रश्न: मी नाशिकमधील एका रुग्णालयात शल्यचिकित्सा विभागात पहिल्या वर्षाची निवासी डॉक्टर आहे. दुर्बिणीतून पित्ताशय काढण्याच्या शस्त्रक्रियेत मदतीला उभे राहण्यापूर्वी मी यूट्यूबवरील व्हिडिओ पाहते. लाखो लोकांनी पाहिलेले व्हिडिओच निवडावेत का?
– एक वाचक, नाशिक

उत्तर: प्रेक्षकसंख्येचा विचार सोडून द्यावा. यूट्यूबवर कोणीही व्हिडिओ टाकू शकतो आणि त्यापूर्वी एखाद्या शल्यचिकित्सकाने तो तपासलेला असतोच असे नाही. त्यामुळे अधिक पाहिला गेलेला व्हिडिओ अधिक शिकवणारा असेल, असे मानायला आधार नाही.

तुम्ही निवडलेल्या शस्त्रक्रियेसाठी मात्र एक नेमकी कसोटी हाताशी आहे. शल्यचिकित्सक स्ट्रासबर्ग आणि सहकाऱ्यांनी 1995 मध्ये मांडलेल्या ‘क्रिटिकल व्ह्यू ऑफ सेफ्टी’ (सुरक्षिततेसाठी आवश्यक दृश्य) या कसोटीनुसार, काहीही कापण्यापूर्वी पित्ताशय, यकृत आणि पित्तनलिका यांमधील त्रिकोण चरबी व तंतुमय ऊतींपासून मोकळा केलेला असावा, पित्ताशयाचा खालचा सुमारे एकतृतीयांश भाग यकृतापासून सुटा झालेला असावा आणि पित्ताशयात जाणाऱ्या दोनच रचना, म्हणजे सिस्टिक नलिका व सिस्टिक धमनी, दिसाव्यात. मुख्य पित्तनलिकेलाच सिस्टिक नलिका समजून कापले जाण्याचा गंभीर धोका टाळण्यासाठी हा आग्रह आहे. म्हणून नलिका व धमनी बंद करणारी क्लिप लावण्याच्या क्षणी व्हिडिओ थांबवून या तिन्ही गोष्टी शोधाव्यात. नेमका तोच भाग संकलनात गाळला असेल, तर हात कितीही सफाईने चालत असले तरी तो व्हिडिओ बाजूला ठेवावा. (पार्श्वसंगीताची हौस भागवणाऱ्या व्हिडिओंत निवेदनाला जागाच उरत नाही, हे वेगळेच.)

2018 मध्ये प्रशिक्षक आणि प्रशिक्षणार्थी यांनी मिळून दुर्बिणीच्या शस्त्रक्रियेच्या शैक्षणिक व्हिडिओंसाठी ठरवलेल्या ‘लॅप-वेगास’ मार्गदर्शक सूचनांत शस्त्रक्रिया करणाऱ्यांची माहिती, रुग्णाची स्थिती, पोर्टच्या (पोटात उपकरणे घालण्याच्या छिद्रांच्या) जागा, टप्पेवार निवेदन आणि शस्त्रक्रियेचे फलित या बाबींची अपेक्षा केली आहे. यातील फलित बहुतेकदा वगळले जाते आणि शिकणाऱ्याचे सर्वाधिक नुकसान तिथेच होते, असे माझे मत आहे. कारण तीव्र दाह असलेल्या पित्ताशयात कुठे थांबायचे, अंशतः काढण्यावर कधी समाधान मानायचे किंवा पोट उघडण्याचा निर्णय कधी घ्यायचा, हे सुरळीत पार पडलेल्या आठ मिनिटांच्या संकलित चित्रीकरणातून कळत नाही. फ्रान्समधील इर्काड संस्थेच्या वेबसर्गसारख्या शैक्षणिक संकेतस्थळापासून सुरुवात करावी आणि शक्य झाल्यास तुमच्याच विभागातील असंपादित चित्रीकरण वरिष्ठांसोबत बसून पाहावे. अर्थात त्यासाठी रुग्णाची संमती हवी आणि चित्रीकरणातून त्याचे नाव व नोंदणी क्रमांक काढलेले हवेत.