अवजड गाड्यांनी रस्ते खराब होत असले, तरी दुरुस्तीचा खर्च फक्त त्यांच्याकडूनच का घ्यायचा?

हा खर्च जो गाडीत माल भरून पाठवतो त्याने, आणि एक्सलवर (चाकांना जोडणाऱ्या आसावर) पडणाऱ्या वजनाच्या हिशेबाने द्यावा, असं माझं ठाम मत आहे. ‘रोड टॅक्स तर सगळेच भरतात, मग अवजड गाड्यांकडूनच वेगळा खर्च कशाला?’ असं काही जण म्हणतात. पण सगळ्यांच्या गाड्यांनी रस्ता सारखा झिजत नाही.

अमेरिकेत इलिनॉयमध्ये 1958 ते 1960 या काळात खास रस्ते बांधून त्यांवर ट्रक फिरवले होते. त्यातून निघालेला ढोबळ नियम असा, की एक्सलवरचा भार दुप्पट झाला की झीज साधारण 16 पट होते. आपल्याकडे 2018 मध्ये चार टायरच्या एका एक्सलची मर्यादा 10.2 टनांवरून 11.5 टन झाली. वजन वाढलं जेमतेम 13 टक्के, पण या नियमाने झीज 60 टक्क्यांच्या घरात वाढते. ओव्हरलोडचं त्याच्यावर वेगळंच.

टोलचं बघा. 2008 च्या नियमांत कारचा मूळ दर किलोमीटरला 65 पैसे, ट्रकचा 2 रुपये 20 पैसे. साडेतीनपटही नाही, आणि झीज हजारो पट!

आमच्याकडे गिरणेकाठच्या रस्त्यांवर हे डोळ्यांनी दिसतं. नदीकडून वाळूचे डंपर भरून येतात ती बाजू खचलेली, चाकांच्या पट्ट्यात डांबर दबून कडेला उचललेलं. रिकामे परत जातात ती बाजू बऱ्यापैकी शाबूत. खाली काळी माती. भेगांतून पाणी मुरलं की ती फुगते आणि खडी उघडी पडते. या रस्त्यांना टोल नाही, डागडुजी सरकारी पैशातून, म्हणजे सायकलवाल्याच्याही खिशातून. वाळूवर सरकारला मिळणाऱ्या रॉयल्टीतला ठरावीक हिस्सा त्याच रस्त्यासाठी राखून ठेवायला हवा.

ओव्हरलोडला दंड आहेच. मोटार वाहन कायद्याच्या कलम 194 प्रमाणे 20,000 रुपये, वर जादा टनामागे 2,000. कायदा गाडी चालवायला लावणाऱ्यालाही धरतो, पण नाक्यावर सापडतो तो बिचारा ड्रायव्हर. वजनकाट्याची पावती बघून माल भरणाऱ्याकडूनच वसुली व्हावी.

भाडं वाढेल, हे खरं. रावेर-यावलची केळी ट्रकनेही दिल्लीकडे जातात, त्याचा वाटा आम्हा केळीवाल्यांवर येणार. तरी मला चालेल. गचके खाऊन फण्या काळ्या पडल्या की व्यापारी भाव पाडतो, ते नुकसान आजही आम्हीच सोसतो.