११७ झेल घेणारा तिसऱ्या फेरीत का? कॉलेजचा टाइट एंड जोखताना मी काय बघतो

प्रश्न थोडक्यात असा होता. अमेरिकन फुटबॉलमध्ये हॅरल्ड फॅनिनने २०२४ च्या मोसमात बोलिंग ग्रीन विद्यापीठाकडून ११७ झेल घेतले, १,५५५ यार्ड काढले. कॉलेज फुटबॉलच्या सर्वोच्च विभागात एका मोसमात कुठल्याच टाइट एंडने (लाइनच्या टोकाला उभा राहून समोरच्याला अडवणारा आणि पासही झेलणारा खेळाडू) तोवर एवढं केलं नव्हतं. तरीही एनएफएल या व्यावसायिक लीगचे संघ आळीपाळीने कॉलेजचे खेळाडू निवडतात त्या २०२५ च्या ड्राफ्टमध्ये तो ६७ वा, म्हणजे तिसऱ्या फेरीत, गेला. त्याच मोसमात मिशिगनच्या कोल्स्टन लव्हलँडचे झेल ५६ आणि यार्ड ५८२, आणि शिकागो बेअर्सनी त्याला दहावा उचलला. मग स्काउट बघतात तरी काय?

झेल किती यापेक्षा ते आले कुठून, आणि चेंडू दुसरीकडे चाललेला असताना हा गडी काय करतो, यावर सगळं ठरतं. यष्टीरक्षक निवडताना नुसत्या धावा बघून भागत नाही, तसलाच हा प्रकार. फलंदाजी सगळ्यांना दिसते, कीपिंग चुकलं की मगच दिसतं.

आधी यार्डांचं बघू. बोलिंग ग्रीनचं आक्रमण फॅनिनच्या हातात चेंडू पोचावा म्हणूनच बेतलेलं होतं. स्क्रीन (पुढे अडवणारे ठेवून दिलेला आखूड पास), फ्लॅटमधले, म्हणजे लाइनजवळ कडेला दिलेले, आखूड पास, मोशनमधून, म्हणजे चाल सुरू होण्याआधीच जागा बदलत, पळत येऊन घेतलेला चेंडू, आणि मग पुढचं अंतर त्याने अंगाखांद्यावर माणसं घेऊन कापलेलं. चेंडू हातात आल्यावर तो पडता पडत नाही, हे खरंच. पण यातले बरेचसे यार्ड आखणीने दिलेले आहेत. एनएफएलमध्ये तिसऱ्या फेरीतल्या पोरासाठी कोणी अख्खं आक्रमण बेतत नाही.

कॉलेजमधल्या टाइट एंडचे आकडे फुगतात त्याला नियमही कारणीभूत आहेत. आरपीओ, म्हणजे क्वार्टरबॅकने (चेंडू फेकणाऱ्याने) स्नॅपनंतर, चेंडू खेळात आल्यावर, धाव की पास ते ठरवायचं, ही चाल घ्या. पास हातातून सुटेपर्यंत कॉलेजमध्ये लाइनमन (पुढच्या रांगेत वाट अडवणारा) ३ यार्ड पुढे जाऊ शकतो, एनएफएलमध्ये १ यार्ड. त्या दोन यार्डांनी फार फरक पडतो. लाइनमन खुशाल धावेसारखं ब्लॉक करत सुटतात, लाइनबॅकर (बचावाच्या दुसऱ्या रांगेतला) धाव समजून पुढे येतो आणि त्याच्या पाठीमागे टाइट एंड मोकळा उभा असतो. त्या झेलात टाइट एंडने कोणाला हरवलेलं नसतं, लाइनबॅकरला चालीने गंडवलेलं असतं. मैदानाच्या खुणाही वेगळ्या. कॉलेजमध्ये दोन हॅशमध्ये, म्हणजे चाल सुरू करताना चेंडू ठेवायची हद्द दाखवणाऱ्या खुणांच्या ओळींमध्ये, ४० फूट अंतर असतं, एनएफएलमध्ये साडेअठरा. चेंडू एका हॅशवर असला की कॉलेजच्या मैदानाची दुसरी बाजू ओसाड माळासारखी पसरलेली असते, आणि तिकडे स्लॉटमध्ये, लाइनपासून थोडं बाजूला, उभ्या असलेल्या टाइट एंडला आयती जागा मिळते. वरच्या पातळीवर ती मिळत नाही.

म्हणून मी कुठल्याही खेळाडूचे स्क्रीन, आरपीओ आणि बनावट धावेनंतर कोणाच्या लक्षात न येता निसटून घेतलेले झेल बाजूला काढतो. मग मागे जे उरतं ते बघतो: तिसऱ्या डाउनला, म्हणजे तिसऱ्या प्रयत्नाला, सहा-सात यार्ड हवे असताना, समोर सेफ्टी (बचावातला सगळ्यात मागचा) अंगाला अंग लावून असताना, गोललाइनजवळ जागाच नसताना. फॅनिनच्या बाबतीत मला आवडलं ते हे, की पेन स्टेटविरुद्ध त्याने ११ झेलांत १३७ यार्ड काढले आणि टेक्सस ए अँड एमविरुद्ध ८ झेलांत १४५. मिड-अमेरिकन कॉन्फरन्समधल्या दुबळ्या संघांवर चढवलेले आकडे वेगळे आणि हे वेगळे. छोट्या कॉलेजचा खेळाडू असेल तर त्याचे मोठ्या संघांविरुद्धचे दोन-तीन सामनेच आधी काढायचे, बाकीचे वेळ मिळाला तर.

लव्हलँडचं याच्या उलट. २०२४ मध्ये मिशिगनचा पासिंगचा खेळ इतका रडतखडत चालला होता की ५८२ हा आकडा एकटा ठेवून काहीच कळत नाही. तो एकूण पासिंगच्या किती टक्के आहे ते बघायचं. आयोवा विद्यापीठाच्या सॅम लापोर्टाला हाच हिशेब लावला असता तर २०२३ मध्ये अनेकांना आश्चर्य वाटलं नसतं. २०२२ मध्ये आयोवाचं आक्रमण एकूण यार्डांत देशातल्या १३१ संघांत १३० वं होतं. लापोर्टाचे ५८ झेल, ६५७ यार्ड, टचडाउन फक्त एक. कागदावर सामान्य. पण संघाच्या पासिंगच्या जवळपास एक तृतीयांश यार्ड त्याचे एकट्याचे होते, आणि समोरच्या प्रत्येक बचावाला चेंडू कोणाकडे जाणार हे माहीत असूनही. डेट्रॉइटने त्याला ३४ वा घेतला आणि पहिल्याच मोसमात त्याने ८६ झेल, ८८९ यार्ड आणि १० टचडाउन केले. तेव्हा डेट्रॉइटच्या आक्रमणाची सूत्रं बेन जॉन्सनकडे होती. दोन वर्षांनी बेअर्सचा मुख्य प्रशिक्षक झाल्यावर पहिल्याच ड्राफ्टमध्ये त्याने टाइट एंड का घेतला, हे कोडं उरत नाही.

आता ब्लॉकिंग, म्हणजे बचावाच्या माणसाला अंगाने अडवणं. इथे मी सगळ्यात जास्त वेळ घालवतो, आणि घरी बसून बघणाऱ्याला हे सोपंही आहे. टीव्हीचा कॅमेरा चेंडूवर असतो, त्यामुळे लांबचे रूट (झेल घ्यायला धावायच्या ठरलेल्या वाटा) चौकटीबाहेर जातात. पण टॅकलला, म्हणजे कडेच्या लाइनमनला, चिकटून हात जमिनीला टेकवून उभा असलेला टाइट एंड स्नॅपनंतरचे पहिले दोन सेकंद कायम दिसतो. नजर चेंडूवरून काढून त्याच्यावर ठेवायची, एवढंच.

पहिली दोन पावलं बघा. धाव त्याच्या बाजूला बाहेरून जाणार असेल तर डिफेन्सिव्ह एंडच्या (बचावाच्या पुढच्या रांगेतल्या कडेच्या माणसाच्या) बाहेरच्या खांद्यापर्यंत पोचायचं असतं. पहिलं पाऊल आखूड आणि तिरपं पडलं तर पोचतो, लांब टाकलं की तोल पुढे जातो आणि समोरचा त्याला बाजूला सारून निघून जातो. मग हात. समोरच्याच्या छातीवर आतून बसतात की बाहेरून दंडांना विळखा घालतात? बाहेरून घालणाऱ्याला वरच्या पातळीवर होल्डिंगचे, म्हणजे पकडून ठेवल्याच्या दंडाचे, झेंडे मिळतात. त्यानंतर पाय चालू राहतात का. कॉलेजमधले बरेच टाइट एंड धडक जोरात देतात आणि तिथेच थांबतात, प्रेक्षक टाळ्या वाजवतात आणि त्यांचा माणूस बॉलकॅरिअरला पाडतो. टॅकलसोबत मिळून एकाला ढकलायचं आणि योग्य क्षणी सुटून मागच्या लाइनबॅकरवर जायचं, हे ज्याला जमतं त्याला खेळ दिसतो असं समजा. सुटायचा क्षण कोणी ओरडून सांगत नसतं.

हरणं चालतं. २४५ पौंडांच्या पोराने २७० पौंडांच्या एंडसमोर अधूनमधून मागे रेटलं जाणं यात लाज नाही, ताकद दोन वर्षांच्या जिममध्ये येते. टाळणं मात्र चालत नाही. धाव दुसऱ्या बाजूला चालली आहे, त्याचा माणूस मागून पाठलाग करतो आहे, आणि हा नुसता अंग चोरून उभा आहे, असं तीन-चारदा दिसलं तर माझ्या यादीत तो खाली जातो, झेल कितीही असोत. कारण सरळ आहे. जो पहिल्या डाउनला लाइनवर उभा राहू शकत नाही तो मैदानात आला की बचाव पासची तयारी करून बसतो. जो राहू शकतो त्याच्यामुळे समोरच्याला जडच्या जड लाइनबॅकर ठेवावे लागतात, आणि मग त्यांनाच पासवर हरवता येतं.

जॉर्ज किटल हे याचं ठळक उदाहरण. आयोवातल्या सगळ्या कारकिर्दीत मिळून ४८ झेल! २०१७ च्या ड्राफ्टमध्ये पहिल्या फेरीत ओ. जे. हॉवर्ड, इव्हन एन्ग्रम आणि डेव्हिड एन्जोकू असे तीन टाइट एंड गेले, दुसऱ्या फेरीत ॲशलंड नावाच्या दुसऱ्या विभागातल्या कॉलेजचा ॲडम शाहीनही गेला, आणि किटल पाचव्या फेरीत १४६ वा. कंबाइनमध्ये, म्हणजे ड्राफ्टआधीच्या शारीरिक चाचण्यांत, तो २४७ पौंड वजनाने ४० यार्ड ४.५२ सेकंदांत धावला होता, उभ्या जागेवरून ११ फूट लांब उडी मारली होती, आणि आयोवाच्या प्रत्येक सामन्यात तो लोकांना उचलून फेकत होता. फक्त चेंडू त्याच्याकडे यायचा नाही. पुढच्याच वर्षी, २०१८ मध्ये, त्याने १,३७७ यार्ड काढले. पाय चांगले, ब्लॉकिंगची हौस आणि झेल कमी, असा कोणी दिसला तर माझे कान टवकारतात. हा माल स्वस्तात मिळतो.

मार्क अँड्र्यूज मात्र या सगळ्याला छेद देतो. ओक्लाहोमात तो बहुतेक वेळ स्लॉटमध्ये असायचा, ब्लॉकिंगबद्दल कोणी बरं बोलत नव्हतं, ४० यार्डांना ४.६७ सेकंद हा वेग काही खास नव्हता. २०१८ मध्ये बाल्टिमोरने आधी २५ वा हेडन हर्स्ट घेतला आणि मग ८६ वा अँड्र्यूज. हर्स्ट सर्वांगीण खेळाडू, पण बेसबॉलमध्ये काही वर्षं घालवून आलेला, ड्राफ्टच्या वेळीच २४ पूर्ण. दोन मोसमांनंतर बाल्टिमोरने त्याला अटलांटाला देऊन टाकला. अँड्र्यूज २२ वर्षांचा होता आणि २०२१ मध्ये त्याने १०७ झेल, १,३६१ यार्ड केले. यातून मी घेतो ते असं: ब्लॉकिंग कच्चं असलेला चालतो, पण मग झोनमध्ये, म्हणजे बचाव माणूस न धरता जागा राखतो तेव्हा, दोन लाइनबॅकरांच्या मधली जागा ओळखून तिथे थांबायची अक्कल पक्की हवी. आणि वय बघायचंच. २४ वर्षांच्या बाप्याने १९ वर्षांच्या सेफ्टीला अंगावरून झटकलं तर त्यात कौतुक कसलं?

रूट बघताना उंच उडी मारून दोघांच्या डोक्यावरून घेतलेल्या झेलांना मी फार भुलत नाही. हायलाइटमध्ये छान दिसतात. पण एकाच खेळाडूचे असे झेल सारखे दिसायला लागले तर प्रश्न विचारावा, याच्यापाशी नेहमी दोघं असतात कशी? वळण्याआधी वेग न मोडता कंबर खाली आणणं, ज्या बाजूला वळायचं त्या बाजूला आधीच खांदा न झुकवणं, लाइनवरून निघताना एंडने ढकललं तरी रूटची वेळ न चुकवणं, ही खरी कमाई. नामांकित टाइट एंड ट्रॅव्हिस केल्सी बिनीचा वेगवान कधीच नव्हता.

केल्सी कॉलेजमध्ये आधी क्वार्टरबॅक होता. पेन स्टेटचा टायलर वॉरनही हायस्कूलपर्यंत क्वार्टरबॅकच. टाइट एंड म्हटलं की अजून लोक आधी बास्केटबॉल खेळलेल्यांच्या गोष्टी सांगतात, आणि टोनी गोन्झालेझ, अँटोनियो गेट्स, जिमी ग्रॅहम ही नावं आहेतच मोठी. तरी माझं मत विचाराल तर जुना क्वार्टरबॅक जास्त भरवशाचा. बचाव समोरून कसा दिसतो हे त्याने पाहिलेलं असतं.

कंबाइनच्या आकड्यांवर लोक पानंच्या पानं लिहितात, मी पटकन उरकतो. वजन आणि हाताची लांबी खरी मोजली जाते म्हणून कामाची, कारण कॉलेजच्या पत्रकातलं वजन बऱ्याचदा फुगवलेलं असतं. ४० यार्डांपेक्षा पहिले १० यार्ड आणि शटल (दिशा बदलत धावायची चाचणी) जास्त सांगतात. व्हर्नन डेव्हिस २००६ मध्ये २५४ पौंड वजनाने ४.३८ धावला आणि सहावा गेला. पण एका मोसमात १३ टचडाउन करायला त्याला २००९ उजाडलं.

काइल पिट्सचा विषय निघणारच, म्हणून तोही सांगतो. २०२१ मध्ये चौथा, इतक्या वर कुठलाच टाइट एंड कधी गेला नव्हता. पहिल्या मोसमात १,०२६ यार्ड, टचडाउन एक. पुढच्या वर्षी गुडघा दुखावला, क्वार्टरबॅक बदलत राहिले, त्यामुळे सगळं खापर पारखणाऱ्यांवर फोडणं अन्यायाचं. पण तो मुळात वाइड रिसीव्हरसारखा, म्हणजे लाइनपासून दूर उभा राहून पास झेलणाऱ्यासारखा, खेळणारा होता, आणि तिथे पैशाचा हिशेब येतो. २०१४ मध्ये न्यू ऑर्लीन्सच्या जिमी ग्रॅहमने मी बहुतेक वेळ लाइनपासून दूर उभा असतो, मला रिसीव्हरचा टॅग (खेळाडूला एक वर्ष राखून ठेवताना संघाने द्यायची ठरलेली रक्कम) द्या, असा दावा केला. लवादाने नाही म्हटलं. टाइट एंडचा टॅग साधारण ७० लाख डॉलरचा होता आणि रिसीव्हरचा १ कोटी २३ लाखांचा. म्हणजे रिसीव्हरचं काम करणारा टाइट एंड संघाला पुढे स्वस्त पडतो, पण चौथ्या क्रमांकावर घेतला तर नाही, कारण नवख्याचा पगार क्रमांकावर ठरतो, जागेवर नाही. ब्रॉक बावर्सला २०२४ मध्ये १३ वा घेऊन रेडर्सनी पहिल्याच मोसमात ११२ झेल मिळवले, तो सौदा बसला. १३ आणि ४ यात बरंच अंतर आहे.

तर फॅनिन. ६ फूट ३ इंच, २४१ पौंड, ४.७१. लाइनवर उभा करायला लहान, स्लॉटमध्ये पळवायला संथ, आणि यार्ड बरेचसे आखणीचे. उलट वय ड्राफ्टच्या वेळी फक्त २०, मोठ्या संघांसमोर न दबणारा, आणि ब्लॉकिंगमध्ये हरला तरी अंग न चोरणारा. माझ्या यादीत तो दुसऱ्या फेरीच्या मध्यावर बसला असता, ६७ वा हा क्लीव्हलँडला सवलतीचा भावच पडला. पण लव्हलँडच्या वर मी त्याला तरीही ठेवला नसता. ६ फूट ६ इंचांचा माणूस आतल्या रूटवर सेफ्टीच्या पुढे वळताना बघायचा असेल तर मिशिगनचे २०२३ चे सामने काढा, त्या वर्षी संघ राष्ट्रीय विजेता होता आणि चेंडू फेकणाराही धड होता. फॅनिनसाठी पेन स्टेटचा सामना, पहिल्या हाफपासून, आणि ज्या स्नॅपला चेंडू त्याच्याकडे आला नाही ते दोनदा.