दोघांचीही पीएच.डी.: एकीची बोटांच्या ठशांवर, दुसऱ्याची जकातीवर

आदरणीय बाई,
सप्रेम नमस्कार.

आपले पत्र मिळाले. आपण रत्नागिरी जिल्ह्यातल्या एका शाळेत शिकवता आणि आपले पती कुवेतमध्ये नोकरीला आहेत. थोरली मुलगी रसायनशास्त्रात एम.एस्सी.च्या शेवटच्या वर्षाला आहे, तर तिच्याहून वर्षाने धाकटा मुलगा पुण्यात अर्थशास्त्रात एम.ए. करतो आहे. मुलीला गुन्ह्याच्या जागी उमटलेले बोटांचे ठसे शोधण्याच्या पद्धतींवर पीएच.डी. करायची आहे आणि मुलाला जकातीवर, म्हणजे इस्लाममध्ये सांगितलेल्या दानावर. या दोन्हींत अधिक ‘स्कोप’ कशाला, मुलीला प्रेतांजवळ काम करावे लागेल का, आणि धार्मिक विषय घेतल्यावर मुलाला मदरशाबाहेर कोणी नोकरी देईल का, असे आपण विचारले आहे. पत्राच्या शेवटी, जणू संकोचाने, घरातून एकाचाच खर्च झेपेल हेही आपण लिहिले आहे. मी तिथूनच सुरुवात करते.

पीएच.डी.चा खर्च घरातून करण्याची वेळ शक्यतो येऊ देऊ नये. कनिष्ठ संशोधन छात्रवृत्ती मिळाली, तर पहिली दोन वर्षे दरमहा ३७,००० रुपये आणि त्यानंतर ४२,००० रुपये मिळतात, शिवाय घरभाडे भत्ता वेगळा. त्यासाठी मुलीला सीएसआयआर-यूजीसी नेट या राष्ट्रीय पात्रता परीक्षेत रसायनशास्त्राचा पेपर देता येईल. मुलाने अर्थशास्त्रातून यूजीसी नेट द्यावी. आपल्या ओळखीचे लोक अजूनही अल्पसंख्याक विद्यार्थ्यांसाठीच्या मौलाना आझाद राष्ट्रीय छात्रवृत्तीवर भरवसा ठेवायला सांगत असतील, परंतु केंद्र सरकारने ती योजना २०२२-२३ पासून बंद केली आहे. म्हणून दोघांनी पुढचे वर्ष या परीक्षेसाठी राखून ठेवावे. एकाला निवडून दुसऱ्याला थांबवण्याचा निर्णय आपल्याला आज घ्यायचाच नाही.

आता मुलीविषयी. ठशांच्या क्षेत्रात दोन निरनिराळी कामे असतात आणि आपली भीती त्यांच्या सरमिसळीतून आलेली दिसते. न दिसणारा ठसा दिसता करणे हे एक काम आणि तो कोणाचा आहे हे जुळवून पाहणे हे दुसरे. जुळवण्याचे काम पोलीस खात्याच्या अंगुली मुद्रा केंद्रातले तज्ज्ञ करतात. आपली मुलगी पहिल्या कामाकडे वळते आहे आणि ते मूलतः रसायनशास्त्र आहे. तिचे दिवस काच, प्लॅस्टिकच्या पिशव्या, कागद आणि धातूचे पत्रे यांच्यासोबत जातील. घामातल्या अमिनो आम्लांशी निनहायड्रिनची क्रिया होऊन कागदावर जांभळा ठसा उमटतो आणि १९५४ पासून ही पद्धत वापरात आहे. फेविक्विकसारख्या गोंदात जे सायनोॲक्रिलेट असते, त्याच्या वाफा दमट हवेत ठशाच्या रेषांवर धरून पांढऱ्या होतात; प्लॅस्टिकवरचे ठसे बहुधा असेच काढले जातात. संशोधनासाठीचे ठसे स्वेच्छेने आलेल्या माणसांकडून, त्यांच्या लेखी संमतीने आणि संस्थेच्या नैतिकता समितीच्या परवानगीने घेतले जातात. प्रेतांचा या कामाशी संबंध येत नाही.

या क्षेत्राला मागणी आहे आणि त्याला कायद्याचे कारण आहे. १ जुलै २०२४ पासून लागू झालेल्या भारतीय नागरिक सुरक्षा संहितेने सात वर्षे किंवा त्याहून अधिक शिक्षेच्या गुन्ह्यांत न्यायवैद्यक तज्ज्ञाने घटनास्थळी जाऊन पुरावा गोळा करणे बंधनकारक केले आहे. राज्यांना त्याची तयारी करण्यासाठी पाच वर्षांपर्यंतची मुदत आहे. म्हणजे प्रयोगशाळा, प्रशिक्षण संस्था आणि शिकवणारी माणसे, तिन्ही वाढवावी लागतील. मुंबईची शासकीय न्यायसहायक विज्ञान संस्था आणि गांधीनगरचे राष्ट्रीय न्यायवैद्यक विज्ञान विद्यापीठ ही दोन ठिकाणे तिने प्रत्यक्ष जाऊन पाहावीत.

मात्र विषय कसा घ्यावा, याबद्दल मला कळकळीने सांगायचे आहे. गेल्या काही वर्षांत या क्षेत्रात नव्या चमकणाऱ्या सूक्ष्मकणांच्या भुकट्यांवर शोधनिबंधांचे पीक आले आहे. त्यांतल्या अनेकांत ठसा देणारा माणूस, ठसा तेलकट आणि ठळक यावा म्हणून, कपाळावर किंवा नाकावर बोट घासतो, स्वच्छ काचेवर ठसा देतो आणि काही मिनिटांतच त्यावर भुकटी टाकून सुंदर छायाचित्र काढले जाते. चोराने कपाळ पुसून ठसा दिलेला नसतो, आणि पोलीस पोहोचेपर्यंत दोन दिवस उलटलेले असतात. चांगला अभ्यास नैसर्गिक ठसे घेतो, ते जुने होऊ देतो, आणि एकच ठसा मधोमध विभागून एका अर्ध्यावर जुनी व दुसऱ्यावर नवी पद्धत वापरून तुलना करतो. ज्यांचे ठसे नीट उमटत नाहीत अशा माणसांनाही तो वगळत नाही. आपल्या मुलीजवळ येथे एक असा प्रश्न आहे, जो तिला गावातच सापडेल. कोकणच्या जुलैमध्ये, खाऱ्या दमट हवेत, प्लॅस्टिकवरचा ठसा किती दिवस टिकतो आणि कोणत्या पद्धतीला दाद देतो? काजूच्या कारखान्यांत टरफलाच्या तेलाने ज्या बायकांच्या बोटांच्या रेषा झिजल्या आहेत, त्यांचे ठसे कसे उमटतात? वसतिगृहातल्या मैत्रिणींच्या वीस बोटांवर केलेल्या अभ्यासातून हे कळणार नाही.

ठसे जुळवण्याच्या कामाकडे पुढे तिचे मन वळले, तर चुकीची किंमत काय असते हे तिने आधीच जाणून घ्यावे. २००४ च्या माद्रिद बॉम्बस्फोटांनंतर अमेरिकेच्या एफबीआयने ओरेगॉनमधल्या एका वकिलाचा ठसा जुळल्याचे ठामपणे सांगितले होते. तो माणूस निर्दोष होता. २०११ मध्ये अमेरिकेत १६९ तज्ज्ञांवर झालेल्या चाचणीत चुकून जुळवण्याचे प्रमाण ०.१ टक्का आढळले, तर जुळणारा ठसा नाकारण्याचे ७.५ टक्के. आणि ही विद्या परदेशातून आली असे तिला कोणी सांगितले, तर तिने १८९७ मध्ये कोलकात्यात सुरू झालेल्या अंगुली मुद्रा केंद्राबद्दल वाचावे. ज्या वर्गीकरणाला पुढे हेन्री या इंग्रज अधिकाऱ्याचे नाव मिळाले, त्यामागचे कष्ट अजीझुल हक आणि हेमचंद्र बोस या दोन भारतीय कर्मचाऱ्यांचे होते.

मुलाच्या विषयाबाबत एक साधी अडचण भाषेपासून सुरू होते. मराठी माणसाला ‘जकात’ म्हटले की जकात नाका आठवतो. शब्द मूळ तोच, पण आपल्याकडे तो शहराच्या वेशीवरच्या करासाठी रुळला, आणि मुंबईत तो कर १ जुलै २०१७ ला वस्तू व सेवा करासोबत संपला. मुलाने आपल्या आराखड्याच्या पहिल्याच परिच्छेदात स्पष्ट करावे, की निसाब म्हणजे ठरलेल्या मर्यादेहून अधिक आणि चांद्र वर्षभर राहिलेल्या संपत्तीवर अडीच टक्के द्यावयाच्या दानाबद्दल तो बोलतो आहे, आणि हे दान कोणाला द्यावे याचे आठ वर्ग कुराणात सांगितलेले आहेत.

हा विषय धार्मिक आहे तितकाच सार्वजनिक वित्ताचा आहे. पाकिस्तानात १९८० च्या अध्यादेशाने रमजानच्या पहिल्या दिवशी बँक खात्यांतून जकात कापून घेण्याची पद्धत आली, आणि ती चुकवण्यासाठी आदल्या दिवशी पैसे काढून घेण्याची सवयही तिच्यासोबत आली. मलेशियात जकात राज्यांच्या धार्मिक संस्था गोळा करतात आणि व्यक्तीने भरलेली जकात प्राप्तिकरातून वजा होते. भारतात ती पूर्णतः ऐच्छिक आहे, त्यामुळे तिची सरकारी नोंद नाही. येथे अभ्यासकाला आकडे तयार मिळत नाहीत, ते दारोदार जाऊन मिळवावे लागतात. शिवाय गुप्तपणे दिलेले दान श्रेष्ठ मानले जात असल्याने लोक सहजी बोलत नाहीत. म्हणूनच अनेक जण सोपी वाट धरतात: विद्यापीठातल्या मुलांकडून ‘जकात देण्याचा हेतू’ मोजणारी प्रश्नावली भरून घ्यायची आणि सांख्यिकीच्या सॉफ्टवेअरमध्ये टाकायची. असे निबंध पुष्कळ आहेत आणि त्यांत आणखी एकाची भर घालू नये, असे माझे स्पष्ट मत आहे.

त्याऐवजी त्याने सोन्याकडे पाहावे. निसाब सोन्यात मोजला तर साडेसात तोळे, चांदीत मोजला तर साडेबावन्न तोळे. इस्लामच्या प्रारंभीच्या काळात या दोन मर्यादांचे मोल जवळपास सारखे होते. आज सोन्याची मर्यादा चांदीच्या कित्येक पट महाग आहे. म्हणजे कोणते माप धरले यावर एखादे बेताचे कुटुंब जकात देणारे ठरते की घेणारे, हे अवलंबून असते. त्यात आणखी एक भेद आहे. हनफी आणि शाफई या इस्लामी धर्मशास्त्राच्या दोन परंपरा; हनफी मतानुसार बायकांच्या अंगावरच्या दागिन्यांवरही जकात लागते, शाफई मतात नेहमीच्या वापरातले दागिने सामान्यतः सुटतात. कोकणी मुसलमान बहुतांशी शाफई आहेत आणि उरलेल्या महाराष्ट्रात हनफी अधिक. मग चिपळूणच्या आणि मालेगावच्या सारख्याच ऐपतीच्या दोन घरांतून किती जकात निघते, आणि ती जाते कुठे? आखातातून गावच्या जमातीकडे येणारी रक्कम किती, रमजानमध्ये मदरशांसाठी दान गोळा करत मुंबईत पावती पुस्तके घेऊन फिरणाऱ्या सफीरांच्या हाती किती, शेजारच्या विधवेकडे किती? एका तरुण अर्थशास्त्रज्ञाला चार वर्षे पुरेल एवढे काम यात आहे.

नोकरीच्या प्रश्नाचे उत्तर नोंदणीत आहे. त्याने पीएच.डी.ची नोंदणी अर्थशास्त्र विभागात करावी. पदवी अर्थशास्त्राची असेल, तर महाविद्यालयात अर्थशास्त्राच्या जागेसाठी त्याला अर्ज करता येईल आणि दारिद्र्य, दानधर्म व घरखर्च यांवर काम करणाऱ्या संस्थाही त्याला खुल्या राहतील. पुण्यात आहे तर गोखले अर्थशास्त्र संस्थेच्या ग्रंथालयाचा त्याने उपयोग करावा. उर्दू वाचता येत नसेल तर आतापासून शिकावी, कारण पावत्या, अहवाल आणि फतवे बहुधा त्याच भाषेत मिळतील. परदेशाचा विचार असल्यास क्वालालंपूरचे आंतरराष्ट्रीय इस्लामी विद्यापीठ आहे, पण तो विचार नेटच्या निकालानंतर करावा.

मार्गदर्शक निवडताना दोघांनी त्या प्राध्यापकांच्या हाताखाली याआधी पीएच.डी. पूर्ण केलेल्या किमान दोन विद्यार्थ्यांशी बोलून घ्यावे. मुलीने विशेषतः प्रयोगशाळेत कोणते उपकरण खरोखर चालू आहे हे डोळ्यांनी पाहून यावे. त्यानंतर प्रत्येकाने दोन पानांचे टिपण मला पाठवावे. त्यात विषयाची थोरवी नको. प्रश्न काय, माहिती कोठून आणि कशी मिळवणार, आणि ती न मिळाल्यास काय करणार, एवढेच असावे.

मुलाने टिपण लिहिण्याआधी एक मुलाखत घ्यावी. दरवर्षी रमजान जवळ आला की घरात दागिन्यांचा आणि बचतीचा हिशोब कोण करते, कोणते सोने धरायचे आणि कोणते सोडायचे हे कोण ठरवते, कोणत्या घरी पाकीट न बोलता पोहोचवायचे हे कोणाला ठाऊक असते, हे त्याने विचारावे. ती मुलाखत त्याने आपली, म्हणजे त्याच्या आईचीच घ्यावी.

आपली,
करिअर मार्गदर्शक