वाचकांचे प्रश्न : बोरघाटातील लोहमार्ग आणि त्याची क्षमता

प्रश्न : कर्जत-लोणावळा घाटात तीन लोहमार्ग असूनही पुणे-मुंबई गाड्या वाढवण्याची मागणी केली की घाटाकडे बोट दाखवले जाते. चौथा मार्ग टाकल्यास हा प्रश्न सुटेल का?
(एक वाचक, चिंचवड)

उत्तर : सपाटीवर मार्गांची संख्या वाढली की क्षमता वाढते, हे बहुतांशी खरे आहे; घाटात मात्र हा हिशेब चढापाशी येऊन अडतो. बोरघाटातील कमाल चढ 37 फुटांमागे एक फूट इतका तीव्र आहे. याचा अर्थ असा की, गाडीच्या दर हजार टन वजनामागे सुमारे 27 टनांचा ओढा तिला सतत मागे खेचत असतो, आणि सुमारे 120 टन वजनाचे विद्युत इंजिन चाके घसरू न देता ढोबळमानाने तीसेक टनांचाच जोर लावू शकते. त्या जोरातच इंजिनाला स्वतःचे वजन वर न्यायचे असते आणि वळणांवरचे घर्षणही सोसायचे असते. म्हणून चढणाऱ्या गाड्यांना कर्जतला मागून बँकर इंजिने जोडतात. (कर्जतच्या फलाटावरील बटाटेवड्याची ख्याती या सक्तीच्या थांब्यानेच वाढवली, हे आपण जाणताच.) इंजिने जोडण्यात वेळ जातो, वर पोचल्यावर ती सोडण्यात वेळ जातो, आणि पुढच्या गाडीसाठी ती पुन्हा खाली आणावी लागत असल्याने त्यांच्या फेऱ्यांनाही वेळापत्रकात जागा ठेवावी लागते.

उतरणाऱ्या गाड्यांची अडचण वेगळी, पण तितकीच वेळखाऊ असते. घाट उतरण्यापूर्वी ब्रेकची तपासणी होते, वेग कमी ठेवावा लागतो, आणि ब्रेक निकामी होऊन गाडी सुटलीच तर ती चढाच्या रुळावर वळवून थांबवता यावी यासाठी वाटेत कॅच सायडिंग राखलेली असतात. चौथा मार्ग टाकला तरी याच चढावर याच शिस्तीने गाड्या चालवाव्या लागतील. क्षमता वाढेल, पण खर्चाच्या मानाने तोकडी.

याहून महत्त्वाचे असे की, घाटात तीन मार्ग असले तरी पुणे ते लोणावळा या पट्ट्यात दोनच आहेत, आणि त्यांवर लोकल, एक्सप्रेस व मालगाड्या एकमेकींना वाट देत धावतात. या पट्ट्यातील तिसऱ्या आणि चौथ्या मार्गाला राज्य मंत्रिमंडळाने 2025मध्ये मान्यता दिली. आमच्या मते घाटातील चौथ्या मार्गापेक्षा हे काम आधी व्हायला हवे, कारण वर जागा नसेल तर घाट चढून आलेली गाडी लोणावळ्यालाच खोळंबते. खालच्या बाजूला पनवेल-कर्जत दुहेरी उपनगरी मार्गाचे काम हाती घेण्यात आले असून त्यावर वावर्ले येथे अडीच किलोमीटरहून लांब बोगदा आहे. त्यामुळे नवी मुंबईतून कल्याणला न जाता थेट कर्जत गाठणे सोपे होईल; घाट मात्र तरीही चढावाच लागेल.

गाडीची रचना बदलणे हा दुसरा उपाय आहे. फेब्रुवारी 2023मध्ये सुरू झालेली मुंबई-सोलापूर वंदे भारत बँकरशिवाय घाट चढते, कारण तिच्या निम्म्या आसांना मोटारी आहेत आणि ओढण्याचा जोर एका इंजिनावर न पडता गाडीभर विभागला जातो. प्रवासी गाड्यांसाठी हा मार्ग नवे रूळ टाकण्याआधी अवलंबता येण्यासारखा आहे. मालगाड्यांचा प्रश्न त्याने सुटत नाही.

प्रश्न : दीडशे वर्षांपूर्वी घाट फोडता आला, मग आज सह्याद्रीतून सरळ बोगदा का काढत नाहीत?
(एक वाचक, कोथरूड)

उत्तर : 1863मध्ये खुला झालेला हा घाटमार्ग जेम्स बर्कले या अभियंत्याने आखला होता आणि त्याच्या बांधकामावर एके काळी चाळीस हजारांहून अधिक मजूर राबत होते. खंडाळ्याजवळ गाडीची दिशा उलटी करावी लागे. 1929मधील नव्या आखणीने ती अडचण दूर केली. चढ मात्र तसाच राहिला.

सरळ बोगद्याची कल्पना आकर्षक असली तरी सह्याद्री या बाजूने दोन सपाट प्रदेशांमधली भिंत नसून एक पायरी आहे. कोकणातून निघालेला बोगदा डोंगराखालून पलीकडे गेला, तरी पुणे सुमारे साडेपाचशे मीटर उंचीवर असल्याने तेवढी उंची कोठे तरी चढावीच लागते. मूळ मार्ग सुमारे 25 किलोमीटरांत साधारण 558 मीटर चढतो. हीच उंची शंभर फुटांमागे एक फूट अशा सौम्य चढाने गाठायची तर सुमारे 56 किलोमीटर लांबी हवी. ती मिळवायची तर चढाला कर्जतच्या बऱ्याच अलीकडे, पनवेलच्या बाजूने सुरुवात करावी लागेल आणि बराचसा मार्ग बोगद्यांतून न्यावा लागेल. खर्च प्रचंड असला तरी बँकर इंजिनांची गरज संपवणारा आणि दरडींपासूनही बऱ्याच अंशी बचाव करणारा हाच खरा उपाय आहे, असे आम्हांस वाटते. 2019च्या पावसाळ्यात दरडींनी घाटातील मार्गाची जी हानी केली आणि त्यापायी गाड्या जितका काळ विस्कळीत राहिल्या, त्याचा तोटाही या खर्चासमोर मांडून पाहायला हवा.

कोकण रेल्वेचे उदाहरण यासंदर्भात नेहमी दिले जाते. तिचा चढ दीडशे फुटांमागे एक फूट इतका सौम्य राखला गेला आणि त्यासाठी करबुडे येथे साडेसहा किलोमीटरांचा बोगदा खोदावा लागला, हे खरे. पण ती किनाऱ्याला समांतर जाते, सह्याद्री चढत नाही.

प्रश्न : पुणे-नाशिक थेट रेल्वेचे काय झाले?
(एक वाचक, नारायणगाव)

उत्तर : चाकण, नारायणगाव, संगमनेर असा सुमारे 235 किलोमीटरांचा मार्ग प्रस्तावित होता. आपल्या गावाजवळ खोडद येथे महाकाय मीटरतरंग रेडिओ दुर्बीण आहे. विद्युत गाड्यांतून निघणाऱ्या रेडिओलहरींमुळे तिच्या निरीक्षणात व्यत्यय येईल, हा आक्षेप मान्य करून रेल्वेमंत्री अश्विनी वैष्णव यांनी मार्ग बदलण्याचे जाहीर केले आणि अहिल्यानगर-शिर्डीकडून जाण्याचा पर्याय पुढे आला. दुर्बिणीचे संरक्षण योग्यच आहे, परंतु जुन्नर आणि आंबेगावच्या शेतमालाला रेल्वे मिळण्याची आशा त्यामुळे दुरावली आहे. तोवर पुण्याहून नाशिकला रेल्वेने जायचे तर बोरघाट उतरून कल्याणमार्गे कसारा घाट चढायचा, नाही तर दौंड-मनमाडचा वळसा घ्यायचा. कसारा घाटाचा चढही 37 फुटांमागे एक फूट असल्याने पहिल्या वाटेने जाणारी प्रत्येक गाडी दोन्ही घाटांतील मोजक्या जागेत आणखी एक वाटेकरी होते.